कारखाना परदेशी गेला, कामगाराचं काय? अमेरिकेतल्या सरकारी मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ओहायोत राहतो. गाड्यांचे वायर हार्नेस, म्हणजे विजेच्या तारांचे जुडगे, बनवणाऱ्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं काम केलं. २०१६ साली आमची लाइन मेक्सिकोला गेली आणि त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं माझं घर सरकारच्या 'ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स' या योजनेवर चाललं. इथे सगळे तिला टीएए म्हणतात. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळातल्या कुणाची नोकरी गेली, की फोन मला येतो. भारतातले नातेवाईकही विचारतात. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. खालचे आकडे, वेगळं सांगितलं नसेल तिथे, मला लागू असलेल्या २०१५ च्या कायद्यातले आहेत.

आज या योजनेसाठी अर्ज करता येतो का?

नाही. फोनवरही मी हे सगळ्यात आधी सांगतो, कारण जुनी माहिती वाचून लोक आशा लावून बसतात. योजनेची मुदत संपली, संसदेने ती वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून कामगार खात्याने नवे अर्ज घेणं आणि त्यांवर निर्णय देणं थांबवलं. ज्यांच्या कारखान्याला त्याआधीच मंजुरी मिळाली होती आणि ज्यांची नोकरीही त्याआधी गेली होती, त्यांचे हक्क कायम राहिले. आता असे लोक फार थोडे उरलेत.

मग एवढं लिहायचं कशाला? एक म्हणजे योजना याआधीही आटली आहे आणि पुन्हा वाढलीही आहे. दुसरं, आज जी मदत उरली आहे ती नीट समजायची तर ही समजावी लागते.

बेकारी भत्ता होताच ना? मग वेगळी योजना कशासाठी?

बेकारी भत्ता इथे १९३५ पासून आहे. त्यामागचा विचार असा, की मंदी आली, माणूस घरी बसला, काही महिन्यांत काम परत निघेल आणि तोवर चूल पेटती राहिली पाहिजे. पण कारखानाच देश सोडून गेला, तर काम परत निघत नाही. पंधरा-वीस वर्षं हाताला बसलेलं कसब त्या गावात कुणाला नको असतं.

आणि इथे एक न्यायाचा मुद्दा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. व्यापार खुला करायचा, आयातकर उतरवायचा, हा निर्णय सरकार घेतं. त्यातून माल स्वस्त होतो आणि त्याचा फायदा देशभर प्रत्येकाला थोडा थोडा मिळतो. नुकसान मात्र एखाद्या गावावर, एखाद्या गेटवर, एकदम येऊन पडतं. ज्या निर्णयाने सगळ्यांचं भलं होतं, त्याची किंमत हजार-दीड हजार घरांनी का भरायची? पोलाद कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडॉनल्ड यांनी १९५० च्या दशकात ही मागणी मांडली, तरुण सिनेटर जॉन केनेडी यांनी १९५४ मध्ये तसं विधेयक आणलं आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६२ च्या व्यापार कायद्यात ती तरतूद घातली. अटी इतक्या कडक, की १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही. कागदावर हक्क होता, पण सात वर्षं तो एकाच्याही ओंजळीत पडला नाही. १९७४ च्या कायद्याने अटी सैल झाल्या, तेव्हा कुठे योजना खऱ्या अर्थाने सुरू झाली.

कोणाला मिळायची?

ठरवताना एकेकट्या माणसाकडे पाहत नसत, कामगारांच्या गटाकडे पाहत. त्या कारखान्यातले पुरेसे लोक कमी झालेले असावेत किंवा होण्याच्या बेतात असावेत. पन्नासहून लहान गट असेल तर तीन माणसं पुरत. आणि त्याचं कारण परदेशी व्यापार असावं: एक तर आयातीमुळे मालाची विक्री घटली, नाहीतर कंपनीने उत्पादनच बाहेर हलवलं. अशा कारखान्याला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानेही यात बसू शकत. गाडीचा कारखाना बंद झाला की सीट शिवणारा, काच बसवणारा, रबर पुरवणारा सगळे त्याच्या मागोमाग आडवे होतात, म्हणून ही तरतूद मोठ्या कामाची होती.

इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचं उदाहरण इथे अजून देतात. तिथला मेटॅगचा फ्रिजचा कारखाना २००४ मध्ये बंद झाला, काम मेक्सिकोतल्या रेनोसाला गेलं आणि सुमारे १६०० लोक घरी बसले. २०१६ मध्ये कॅरियर कंपनीने इंडियानापोलिसमधलं काम मेक्सिकोतल्या माँटेरेला नेण्याची घोषणा केली, तेव्हा तर ती घोषणा होत असतानाचा व्हिडिओच देशभर फिरला. नोकऱ्या १४०० च्या घरात. आमच्यासारख्या कमी माणसांच्या कारखान्यांची बातमी कुठे येत नाही, पण नियम तोच.

अर्ज कोणी करायचा? कंपनी करते का?

कंपनी करू शकत असे, युनियन करू शकत असे, राज्याचं रोजगार कार्यालयही करू शकत असे. आणि यातलं कुणीच केलं नाही, तर कोणतेही तीन कामगार एकत्र येऊन करू शकत.

आमच्याकडे युनियन नव्हती. कंपनीने एक पत्र वाटलं, त्यात या योजनेचा उल्लेखही नव्हता. त्या दिवसांत मशीनं लाकडी खोक्यांत बंद होत होती आणि मेक्सिकोहून आलेली चार मुलं आमच्या शेजारी उभी राहून काम शिकत होती. चांगली मुलं होती. त्यातल्या एकाने मला विचारलं, "तुम्ही आता कुठे जाणार?" मला उत्तर देता आलं नाही.

अर्ज भरला तो जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या टेबलावर. सार्वजनिक वाचनालयातून छापून आणलेला फॉर्म, एकच पेन आणि आम्ही तिघं. मी, पॅकिंगमधला एक आणि टेस्टिंगच्या टेबलावरच्या एक बाई. 'तुमचा कारखाना काय बनवतो?' हा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागला. कोणत्या गाडीचा हार्नेस, कोणती लाइन, कोणत्या महिन्यापासून कुठे हलली, हे जितकं नेमकं लिहाल तितकं तपासणाऱ्याला सोपं जातं. सही करताना त्या बाईंचा हात थांबला. शेवटच्या पगाराआधीच काढून टाकतील, ही भीती. मग म्हणाल्या, "काढणारच आहेत." आणि सही केली.

त्या तीन सह्यांवर आमचा अख्खा कारखाना पात्र ठरला. ज्यांनी अर्ज पाहिलाही नव्हता, त्यांनासुद्धा.

मंजुरीला किती वेळ लागायचा?

कायद्याने कामगार खात्याला ४० दिवसांची मुदत होती. मंजुरी अर्जाच्या तारखेच्या एक वर्ष मागपर्यंत लागू व्हायची. म्हणजे वर्षभरापूर्वी कमी झालेला माणूसही आत यायचा, पण चौदा महिन्यांपूर्वीचा राहून जायचा. म्हणून पहिली कुजबुज ऐकू आली की अर्ज करा, असं जुने लोक सांगत.

मिळायचं नेमकं काय?

शिक्षणाचा खर्च: फी, पुस्तकं, हत्यारं, कॉलेज लांब असेल तर प्रवास. शिकत असताना दर आठवड्याला बेकारी भत्त्याइतकीच रक्कम, आणि बेकारी भत्त्याचे आठवडे धरून ती जास्तीत जास्त १३० आठवडे. दुसऱ्या गावी मुलाखतीला जायचं तर ९० टक्के खर्च, १२५० डॉलरपर्यंत. बिऱ्हाड हलवायचं तरी मदत. आरोग्यविम्याच्या हप्त्यात करसवलत, जी २०२१ च्या अखेरीस बंद झाली. आणि पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी पगारफरकाची भरपाई. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहितो.

एवढ्या पैशात शिकताना घर कसं चालायचं?

ओढाताणीने. बेकारी भत्ता हा साधारण जुन्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि त्यावर आयकरही लागतो. माझ्या पगारावर घराचा हप्ता, मुलीची शाळा, गावी आईला पाठवायचे पैसे हे सगळं बसलेलं. बायकोने किराणा दुकानात संध्याकाळची पाळी धरली, म्हणून निभावलं. गाडी विकली, एकीवर भागवलं.

माझ्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी शिक्षणाचा नाद सोडून मिळेल ते काम धरलं. गोदामात माल उचलण्याचं, रात्रीच्या पहाऱ्याचं. त्यांना कुणी आळशी म्हटलं की मला राग येतो. ज्याच्या घरात दुसरी कमाई नाही, त्याला दोन वर्षांचा अभ्यासक्रम परवडत नाही.

मी कम्युनिटी कॉलेजात कारखान्यातली विजेची देखभाल आणि मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं प्रोग्रामिंग शिकलो. चव्वेचाळीसाव्या वर्षी विशीतल्या मुलांबरोबर बाकावर बसलो. पहिल्या सत्रात गणिताने घाम फोडला, कारण इचलकरंजीत दहावी होऊन मला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती. आज एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पगार जुन्याच्या थोडा वर गेला, पण त्याला चार वर्षं लागली. कोर्स निवडताना मी एकच गोष्ट केली, जी सगळ्यांना सांगतो: तीस मैलांच्या आतल्या कारखान्यांच्या जाहिराती महिनाभर वहीत उतरवून काढल्या आणि जे काम सगळ्यात जास्त वेळा दिसलं तेच शिकलो.

पन्नाशी उलटलेल्याने काय करायचं?

त्यांच्यासाठी पगारफरकाची भरपाई होती. माझ्या मते योजनेतला हा सगळ्यात शहाणा भाग. तुम्ही ५० किंवा त्याहून मोठे, नवी नोकरी मिळाली पण पगार जुन्यापेक्षा कमी आणि वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा जास्त नाही, तर फरकाची निम्मी रक्कम सरकार द्यायचं. दोन वर्षांपर्यंत, एकूण १० हजार डॉलरच्या मर्यादेत.

टेस्टिंगच्या त्याच बाईंचा हिशोब सांगतो. जुना पगार ताशी २४ डॉलर, वय छप्पन्न. नवं काम मिळालं रुग्णालयाच्या साफसफाई विभागात, ताशी १६ ने. वर्षाचे २०८० तास धरले तर जुना पगार ४९,९२० आणि नवा ३३,२८०. फरक १६,६४०, त्याचे निम्मे ८,३२०. म्हणजे महिन्याला ६९३ डॉलर. त्यांच्या घराचा हप्ता साधारण तेवढाच होता. साडेचौदा महिन्यांत १० हजारांची मर्यादा संपली, पण तोवर त्या तिथे कायम झाल्या होत्या आणि घर वाचलं.

अर्थतज्ज्ञांनी नंतर पन्नाशीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कामगारांची तुलना केली. ज्यांना ही भरपाई मिळू शकत होती ते लवकर कामाला लागले आणि पुढेही त्यांची कमाई सरस राहिली. मग ही सोय फक्त पन्नाशीनंतरच का, आणि इतक्या थोड्यांपर्यंतच का पोचली, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मुदत चुकली तर?

चुकली की बहुतेक वेळा गेलीच. नोकरी सुटल्यापासून किंवा कारखान्याच्या मंजुरीपासून, यातलं जे नंतर असेल त्यापासून २६ आठवड्यांत शिक्षणाला नाव घालावं लागे, नाहीतर साप्ताहिक रक्कम बंद. मोजके अपवाद होते.

आमच्या पॅकिंगमधला एक गडी असाच राहिला. कार्यालयाचं पत्र त्याच्या जुन्या भाड्याच्या घरी गेलं. तिथल्या नव्या भाडेकरूने ते फ्रिजवर ठेवून दिलं आणि जाहिरात समजून उघडलंही नाही. त्याच्या हाती पडलं तेव्हा मुदत टळून नऊ दिवस झाले होते. कार्यालयातल्या माणसाने खिडकीतूनच सांगितलं, "तारीख गेली." त्याने अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. पत्ता बदलला की त्याच दिवशी बेकारी भत्त्याच्या कार्यालयाला कळवा. हे आजही तितकंच लागू आहे.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला काय मिळतं?

फार थोडं. अशा मदतीला काम करण्याचा परवाना लागतो आणि एच-१बीचा परवाना त्या एका मालकाशी बांधलेला असतो. त्यामुळे बेकारी भत्ताही बहुतेक वेळा नाकारला जातो. नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवड मिळते. त्यात नवा मालक शोधायचा, व्हिसाचा प्रकार बदलायचा नाहीतर परतायचं. ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांच्यात मात्र या योजनेने फरक केला नाही. वकिलाला पहिल्या आठवड्यातच गाठा, सातव्यात नको.

कॉल सेंटर आणि सॉफ्टवेअरची कामं भारतात आली. त्या लोकांना मदत मिळाली का?

हा प्रश्न पुण्याचा भाचा विचारतो, आणि त्याने तो विचारावा याचं मला कौतुक वाटतं. सुरुवातीला नाही. कायदा 'वस्तू' बनवणाऱ्यांसाठी होता आणि सॉफ्टवेअर ही वस्तू आहे की नाही यावर कोर्टात भांडणं झाली. २००६ मध्ये कामगार खात्याने सॉफ्टवेअरला वस्तू मानायला सुरुवात केली आणि २००९ च्या कायद्याने सेवा देणारे कामगारही उघडपणे आत आले. त्यानंतर मंजूर झालेल्या कितीतरी अर्जांत काम भारतात गेल्याची नोंद आहे. १ जुलै २०२१ पासून नियम मागे फिरले आणि सेवा क्षेत्र पुन्हा बाहेर पडलं.

हिंजवडीत बसून जो मुलगा प्रामाणिकपणे काम करतोय त्याने मनाला लावून घ्यायचं कारण नाही. माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या त्या मेक्सिकन मुलांवर माझा राग नव्हता. पण दुसऱ्या टोकालाही कुणीतरी आहे, एवढं ठाऊक असावं.

मग आज इथे नोकरी गेली तर काय करायचं?

पहिल्याच दिवशी बेकारी भत्त्याचा अर्ज. बऱ्याच राज्यांत तो २६ आठवडे मिळतो, काही राज्यांत त्याहून खूप कमी. नोटीस किती दिवसांची मिळाली ते पाहा: १०० किंवा जास्त कामगारांच्या मालकाने कारखाना बंद करायचा तर साधारणपणे ६० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. नाही कळवलं, तर तेवढ्या दिवसांचा पगार मागता येतो.

आरोग्यविमा ही सगळ्यात मोठी खिंड. जुना गट-विमा 'कोब्रा' नावाच्या कायद्याखाली १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता पूर्ण स्वतःचा, वर दोन टक्के. आणि कंपनीने गट-विमाच बंद केला असेल, तर कोब्राही नाही. सरकारी विमा बाजारात नवा विमा घ्यायला ६० दिवसांची खास मुदत असते. उत्पन्न घसरल्यावर तिथे बऱ्याचदा स्वस्त पडतं. आधी दोन्हींचा भाव काढा.

शिक्षणासाठी तुमच्या जिल्ह्यातल्या 'अमेरिकन जॉब सेंटर'मध्ये जा आणि 'डिसलोकेटेड वर्कर' म्हणून नोंद करा. हे शब्द तसेच वापरा. २०१४ च्या कायद्याखाली त्यांच्याकडे प्रशिक्षणाचा निधी असतो. तो टीएएसारखा हक्काने मिळत नाही. पैसे शिल्लक असले तर, आणि आधी येईल त्याला. शिकताना घर चालवायला साप्ताहिक रक्कमही बहुधा नसते. टीएए गेल्याचा खरा तोटा इथे जाणवतो.

भारतात असं काही आहे का?

परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली म्हणून वेगळी योजना नाही. जे आहे ते कारण न विचारता मिळतं: कामगार कपातीची भरपाई, म्हणजे नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी, पीएफ. ईएसआयसीत असाल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदाच. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कमी केलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे, त्यात मालकाने १५ दिवसांचा पगार घालायचा. पंधरा दिवसांच्या पगारात कोणतं नवं कौशल्य शिकायचं?

जनरल मोटर्सने २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन थांबवलं. कारखान्याची वास्तू पुढे ह्युंदाईने घेतली, पण मधली वर्षं कामगार भरपाईसाठी कोर्टात आणि रस्त्यावर होते. मुंबईत गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि गिरणी कामगारांचे वारस अजून घरांच्या सोडतीची वाट पाहतात. युरोपीय संघाने मात्र २००७ पासून अशा कामगारांसाठी एक निधी चालवला आहे. आयर्लंडमधल्या लिमरिकचं डेलचं काम पोलंडला गेलं, तेव्हा त्यातून तिथल्या कामगारांना मदत झाली.

जुने कागद किती दिवस ठेवायचे?

टाकू नका. २०१४ च्या सुरुवातीला या योजनेतला मोठा भाग बंद झाला होता आणि त्या काळात नव्या अटींत न बसणारे अर्ज फेटाळले गेले. २०१५ मध्ये कायदा परत आला, तेव्हा १ जानेवारी २०१४ पासूनच्या नामंजूर अर्जांचा पुन्हा विचार झाला आणि काहींना हक्क परत मिळाले. तसं पुन्हा झालं, तर विचारतील ते हेच: कामावरून कमी केल्याचं पत्र, शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या पावत्या, वार्षिक कर-पत्रक आणि काम कुठे गेलं हे दाखवणारं काहीही, अगदी नोटीसबोर्डावरच्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटोसुद्धा. माझी फाइल अजून कपाटात वरच्या फळीवर आहे. तीन सह्यांच्या त्या अर्जाची झेरॉक्स तिच्यात सगळ्यात वर लावलेली आहे.